सुतकातली सुरमई

जिना चढताना चंद्रहासकाकांनी विशाखाला मधेच थांबवलं. खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनींचा विषय त्याच्यासमोर काढू नको हां, बाळा. आत्ता कुठे सावरलाय."

तिने मान हलवली. काका आणि तिचे बाबा शंकर कुवेतमधल्या फरवानियातल्या या खोलीत कितीतरी वर्षं एकत्र राहत होते, एकाच कंपनीत एसी दुरुस्त करत होते. आई गेली तेव्हा सुदेशने, तिच्या भावाने, फोन केला तो काकांनाच. अशी बातमी गावाकडून परमुलखातल्या माणसाला थेट द्यायची नाही. खोलीतल्या सोबत्याला कळवायचं, मग त्याने माणसाला बसवून, पाणी देऊन सांगायचं, असा त्यांच्याकडचा रिवाजच होता. काकांनी उलट निरोप दिला की त्याला सांगितलं, शंकर फार रडला, कंपनी रजा देत नाही, फोनवर बोलायच्या अवस्थेत तो नाही, इतक्यात कुणी फोन करू नका.

म्हणून जर्मनीला परतताना तिने मुद्दाम कुवेतवरून तिकीट काढलं. तिच्या नवऱ्याची, प्रसन्नची, रजा संपत आली होती, त्यामुळे दहावं उरकून दोघं निघाली. तेरावं सुदेश करणार होता. बाबांजवळ एक दुपार बसावं, मनसोक्त रडावं, एवढंच तिला हवं होतं. गावात पाहुण्यांच्या चहापाण्यात ते राहूनच गेलं होतं.

दार उघडलं आणि तळलेल्या माशाचा वास अंगावर आला.

बाबांची दाढी गुळगुळीत होती. मिशीला ताजा कलप, अंगाला अत्तर. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर सुरमईच्या तुकड्या, माशाचं तिखलं, भात असं सगळं मांडलं होतं.

"बारीक झालंस गो," असं तिला म्हणून ते प्रसन्नकडे वळले. "जावयबापू, जर्मनीत मासो गावता, की नुसते बटाटेच?"

प्रसन्न कसनुसा हसला आणि मांडी घालून बसला.

पोट बिघडल्याचं सांगून विशाखाने ताट बाजूला सारलं, तरी बाबांनी एक तुकडी तिच्या ताटात टाकलीच. मग ते स्वतः जेवू लागले. काटे चोखत, बोटं चाटत, मधेच कंपनीतल्या इजिप्शियन साहेबाची नक्कल करत. हसता हसता ठसका लागला, तेव्हा भाताची शितं वर्तमानपत्रावर उडाली. कलप लावलेल्या मिशीवर तेल चकाकत होतं. तिला तिकडे बघवेना आणि नजरही हटेना. घरी सुदेश डोकं भादरून, अळणी घास गिळत बसला होता.

"घराकडे सगळा..." बाबांनी सुरुवात केली. काकांनी घाईघाईने त्यांच्या ताटात भात वाढला आणि साहेबाचा आणखी एक किस्सा काढला. बाबा त्यातही खुशाल रमले.

विशाखा उठून मोरीत गेली. बेसिनच्या कडेला कलपाचे काळे ओघळ होते. आईने उभा जन्म या माणसाची वाट बघण्यात घालवला, आणि हा तिचं तेरावं होईपर्यंतही थांबला नाही.

ती बाहेर आल्यावर प्रसन्न हळूच म्हणाला की दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं.

"याला दुःख म्हणत नाहीत," ती म्हणाली. "पुन्हा या दारात मला आणू नकोस."

निघायची वेळ झाली. टॅक्सी बघायला काका खाली गेले, बॅगा घेऊन प्रसन्नही गेला. विशाखा बाबांच्या पाया पडली नाही. "येते" असंही म्हणाली नाही. ती चपला घालत असताना बाबा मागून आले. काका पुरते खाली उतरल्याची त्यांनी जिन्यात डोकावून खात्री करून घेतली. इतका वेळ हसणारा चेहरा आता ओशाळा झाला होता.

"चंद्रहासासमोर इचारूक लाज वाटा होती," ते म्हणाले. "तुझ्या आवशीन माझ्यासाठी कायच देवक नाय? मी गणपतीक येवक नाय म्हणान अजून रुसान बसली हा? फोन पण उचलणा नाय गो."