अक्कल गुडघ्यात

“सांडशी निसटली म्हणून उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी धरून ठेवतं का कुणी? अक्कल गुडघ्यात आहे हिची!” मुकुंदराव दवाखान्यातही बायकोवर करवादत होते.

डॉक्टरीणबाई शरयूताईंच्या फोड आलेल्या बोटांना मलम लावत होत्या. “पातेलं टाकून का नाही दिलंत, काकू?”

“पायाशी नात रांगत होती.”

मुकुंदरावांना हे नवीनच होतं. त्यांनी विचारलंच कुठे होतं!

“काका, चटका बसला की हात आपोआप मागे येतो. मेंदूला कळायच्या आत पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर हुकूम सोडतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तो हुकूम मोडून हात तिथंच ठेवायला डोकं लागतं. काकूंची अक्कल अगदी जागेवर होती.”

दवाखान्यातून निघताना शरयूताई पायरीवर अडखळल्या. मुकुंदरावांच्या जिभेवर तेच वाक्य आलं. लग्नापासून ते असंच, डोक्याला न विचारता, बाहेर पडत आलं होतं. आज त्यांनी ते दातांखाली दाबून धरलं. चटका बसला, तरी सोडलं नाही.

“जपून गं,” ते म्हणाले.

शरयूताई दचकल्याच.