तिसावा दिवस

विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्या विआमने कासाब्लांकातल्या एका कंपनीत इंटर्नशिपही धरली होती. एरवी हे जमलंच नसतं, पण रमजानात कंपनी तीनलाच सुटायची. मग ती धावत प्रयोगशाळा गाठायची आणि रोजा सोडायच्या आत त्या दिवसाचं मोजमाप उरकायची. सलग तीस दिवसांची मोजमापं दिली तरच शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार होती. पहिल्या रोजाला तिने प्रयोग लावला आणि महिना तीस दिवसांचा धरून चालली.

एकोणतिसाव्या दिवशी रोजा सोडून ती आईबरोबर गच्चीवर आली. चंद्र दिसला की उद्या ईद, प्रयोगशाळेला कुलूप आणि महिन्याभराची धावपळ पाण्यात.

"माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. तूच बघ नीट," आई म्हणाली.

समोरच्या पाण्याच्या टाकीवर, कापलेल्या नखाएवढा, तिला तो लगेच दिसला.

"नाही दिसत, यम्मा," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

आईने तिला जवळ ओढलं.



"मलाही नाही दिसला, पोरी. पण अख्खं शहर गच्चीवर उभं आहे."