वजनाचं कार्ड

दिपालीचा तिसऱ्यांदा गर्भ पडला, तशा वच्छलाबाई लेकीला घेऊन पांढुर्ण्याला डॉक्टरीणबाईंकडे आल्या.

"गर्भाशयाची वाढ पुरेशी झालेली नाही," रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहानपणी खाण्यापिण्याची आबाळ झाली, तर असं होऊ शकतं."

"आबाळ कशी होईन मॅडम?" दिपाली म्हणाली. "माय अंगनवाडीत सेविका होती माही. अख्ख्या गावाच्या लेकरायले खाऊ घातलं तिनं." तिनं पर्समधून आपलं लहानपणीचं, पिवळं पडलेलं वजनाचं कार्ड काढलं.

दर महिन्याचा ठिपका वरच्या रेघेला टेकलेला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "छान वजन होतं की! मग कारण दुसरीकडे शोधू."

वच्छलाबाईंना तीन वर्षांची दिपाली दिसली, वाटी घेऊन ओळीत सगळ्यात शेवटी बसलेली. सेविका आपल्याच पोरीचं पोट भरते, असं गावानं म्हणू नये म्हणून तिला त्या शेवटीच वाढायच्या. तोवर चुलीवरच्या गंजात बरेचदा दलिया उरलेलाच नसायचा, आणि पोर रिकामी वाटी चाटत तिथंच झोपून जायची.

"काहून रडून राहिली माय?" दिपालीनं त्यांचा हात धरला. "तुही का चूक आहे त्याच्यात?"

वच्छलाबाई कार्डाकडे बघत राहिल्या. सगळे ठिपके त्यांच्याच हातचे होते.



गावातलं एकेक लेकरू त्यांनी काट्याला टांगून तोललं होतं. दिपालीला टांगायची हिंमत मात्र त्यांना एकदाही झाली नव्हती.