इंजिनघरातला मेहुणा

मालवाहू आगबोटीवरचा बिनतारीवाला कळ दाबून कट्ट-कडकट्ट अशा खुणांनी संदेश पाठवू लागला, की बोटीतले सगळे दिवे त्याच ठेक्यात लुकलुकत आणि खाली इंजिनघरात त्याचा मेहुणा शिव्या हासडी. आज दाट धुक्यात यंत्रावर संदेश आला, “आमची बोट बंद पडून तुमच्या वाटेत आडवी आहे.” कप्तानानं इंजिनघराला हुकूम द्यायचा दांडा ओढला, तर तुटलेली साखळीच हातात आली. “पळा कुणीतरी खाली!” “कशाला? मेहुण्याला इथूनच सांगतो,” म्हणत बिनतारीवाल्यानं कळ बडवली. दिवे लुकलुकले. इंजिन थांबलं, थरथरलं, उलटं फिरलं. आडवी बोट नाकासमोर येऊन लांब सरकली. कप्तानानं घाम पुसला. “दिव्यांवरून त्याला संदेश कळतो, हे तुला कसं ठाऊक?” “गेल्या आठवड्यात दुसऱ्या बोटीला कळवत होतो, आमचा मेहुणा म्हणजे शुद्ध गाढव. वाक्य पुरं व्हायच्या आत स्वारी पाना घेऊन दारात हजर!”