आठ सुरांचं यंत्र

दारव्ह्याच्या उर्वशीनं किट मागवून, आठवडाभर सोल्डरिंग करून, आठ सूर ओळीनं वाजवणारा सिक्वेन्सर जोडला. दुपारी तिनं बटणं मनाला येतील तशी फिरवली आणि तो सुरू केला.

तांदूळ निवडणारी तिची आई, जया, थांबली. "हे गाणं तुले कोनं शिकवलं?"

"कोनीच नाही. बटनं फिरवली नुसती."

"तुह्याआधीच्या पोरीले मी हेच गुणगुणून निजवत होती. थे गेल्यावर कधीच नाही गायली."

उर्वशीनं घाबरून सगळी बटणं उलटी फिरवली. सूर तेच राहिले. फक्त मूल पेंगायला लागलं की आई करते, तशी लय संथ झाली. तिनं बॅटरीकडे हात नेला.

आईनं तिचं मनगट हलकेच धरलं.

"थांब. थे अजून झोपली नाही."