माझ्या आधी वाजणारा ओबो

"सर, आपल्याकडे ओबो एकच आहे, मग ऐकू दोन का येतात?"

सनईसारखा माझा ओबो मांडीवर ठेवून विचारलंच मी! "तुझी हिंमतच होणार नाही," असं शेजारी बसणारी फ्लोरा चिडवत होती ना! पण प्रॉसर सरांनी वाद्यवृंदाला ताल देणारी छडी खाली ठेवली, "चहाची सुट्टी," एवढंच म्हणाले, आणि चर्चच्या हॉलमधल्या तालमीतलं हसू विरलं. म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

आम्ही बसवत होतो ते सेरेनेड, म्हणजे वाद्यवृंदाची हलकीफुलकी रचना, आमच्याच गावच्या एका संगीतकाराचं, कुरणांचं आणि मेंढ्यांचं. त्यातली संथ धून एकट्या ओबोची, म्हणजे यंदा माझी. चाचणीत सगळ्यांना मागे टाकून मिळवलेली! पण मी फुंकण्याआधीच कुणीतरी तो सूर लावतं. माझ्याहून गोड.

घरी जेवताना सांगितलं. बाबा ताटातले बटाटे चिवडत राहिले.

आई म्हणाली, "अजून तुझ्या पुढूनच येतो ना आवाज? मागून यायला लागला की सांग."

"तुला माहीत होतं?"

"मलाही यायचा, बाळा, शेवटी तर मागूनच. माझा ओबो तुला दिला, त्या दिवशी थांबला."

आठव्या वाढदिवसाची ती भेट! केवढी नाचले होते मी.

"आणि बाबा, तुम्हालाही माहीत होतं?"

"त्या आवाजानं तिला झोप लागत नव्हती गं," बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात धून सुरू झाली. माझ्या खुर्चीच्या मागून.

मी ओबोची पेटी आईच्या ताटाशेजारी सरकवली. "माझं ठरलंय. हा मी परत करतेय. उद्या कार्यक्रमात तूच वाजव, आई."