सलूनवाल्याचे आवडते दहा

"मान वर. अजून थोडी. हं, आता हलू नका," सलूनवाला म्हणाला आणि त्याने वस्तरा दादाच्या गळ्याला लावला.

दादा म्हणजे अगदी खराखुरा दादा. महिन्याभरात त्याने ही अख्खी बिल्डिंग रिकामी करून घेतली होती. टेलर गेला, झेरॉक्सवाली गेली, चष्म्याचा दुकानदार तर जाता जाता दादाला थँक्यू म्हणून गेला. राहिलं होतं एकटं सलून. त्यासाठी आज दादा जातीने आला होता. सहीचा कागद खिशात, दोन माणसं दाराबाहेर. आल्या आल्या त्याने हनुवटी चोळली आणि खुर्चीत बसकण मारली. "आधी दाढी कर. मग तुझ्या दुकानाचं बोलू."

सलूनवाल्याला बायकोने सकाळीच बजावलं होतं. "सरळ पाय धरा. वर्षभराची मुदत मागा. वीस वर्षं या दोन खुर्च्यांवर आपलं घर चाललंय. आणि सिनेमाचं अवाक्षर जरी काढलंत, तर याद राखा." सलूनवाल्याने मुकाट्याने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण आता त्याचा नाइलाज झाला. गँगस्टरचे सिनेमे म्हणजे त्याचा जीव की प्राण. आवडत्या दहांची यादी त्याने आरशाशेजारी दरपत्रकाच्याही वर चिकटवली होती. दरपत्रक चार वर्षांत बदललं नव्हतं, यादी दर महिन्याला बदलायची. आणि आज आयुष्यात पहिल्यांदाच एक जिवंत गँगस्टर त्याच्या हाताखाली बसला होता. अशा वेळी पाय कसले धरायचे? चार जाणकार गोष्टी बोलायच्या की नाही?

"दादा, सिनेमातले सलूनचे सीन तुम्हाला कसे वाटतात हो?"

दादाने नुसते डोळे तिरके केले. मान हलवायची सोय नव्हती.

"माझ्या यादीत तीन नंबरला एक आहे. त्यात डॉन असाच दाढीला येतो. माणसं बाहेर उभी. त्यांना वाटतं, आत दाढी चाललीय." सलूनवाल्याने हनुवटीखालून एक सफाईदार हात मारला. "तोंडावर गरम टॉवेल टाकतात आणि दाबून धरतात. आवाजसुद्धा येत नाही. दोन नंबरच्यात तर टॉवेलही नाही, नुसता वस्तरा. पण काय नाजूक काम केलंय! एवढंसंच. इथे."

त्याने जागा दाखवली. दुसऱ्या हातात ब्रश असल्यामुळे वस्तऱ्यानेच दाखवली.

गोष्ट रंगात आली की सलूनवाल्याचा हात जिथल्या तिथे थांबायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. घाई असेल त्या दिवशी ती घरीच दाढी करायची. दादा काही नेहमीचं गिऱ्हाईक नव्हता. वस्तरा त्याच्या कंठावर येऊन थांबला, कारण सलूनवाला आता एक नंबरवर आला होता.

"यातला सलूनवाला वर्षानुवर्षं खालमानेने दाढ्या करतो. सगळे त्याला गरीब बिचारा समजतात. आणि मग कळतं, शहरातल्या साऱ्या टोळ्या त्याच्याच इशाऱ्यावर चालतात! अकरा वेळा पाहिलाय मी. शेवट सांगू?"

"नको," दादा ओठ न हलवता म्हणाला.

"शहाणे आहात. शेवट आधी कळला की मजा जाते."

सलूनवाल्याची मात्र घोर निराशा झाली होती. हा डॉन? कपाळावर घाम काय, खुर्चीचे हात घट्ट धरतो काय, आणि इतक्या वेळात एक डायलॉग नाही! पडद्यावरच्या डॉनचा ड्रायव्हरसुद्धा याच्यापेक्षा रुबाबदार असतो. त्याने मनातल्या मनात दादाला दहापैकी दोन मार्क दिले. त्यातला एक मिशीचा.

"चला, गरम टॉवेल आणतो," तो म्हणाला.

दादा ताडकन उठला. अर्ध्या तोंडाला साबण, गळ्यात कापड तसंच. तो दाराकडे निघाला.

तेव्हा कुठे सलूनवाल्याला दुकानाची आठवण झाली. पाय धरायचे राहिले. मुदत मागायची राहिली. फालतू बडबड करून आपण माणूस चिडवला. आता हा अर्ध्या दाढीने बाहेर जाणार, माणसांना आत पाठवणार आणि वीस वर्षांच्या खुर्च्या रस्त्यावर येणार. बायकोला काय सांगायचं? त्याचे डोळे भरून आले. पाय धरायचे तर दादाला गाठायला हवं, म्हणून तो धावला. हातातला वस्तरा ठेवायचं भान त्याला कुठलं राहायला?

"दादा, थांबा! एकच मिनिट!"

दादा दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याने घाईघाईने खिशातला कागद काढला, टराटरा फाडला आणि तुकडे समोरच्या टेबलावर नीट रचून ठेवले. मग त्याने हात जोडले.

"काका, दुकान तुमचंच आहे. कोणी आधी सांगितलं असतं तर मी या गल्लीत पाऊल टाकलं नसतं," तो म्हणाला. "फक्त आम्हाला वर कळवावं लागतं, म्हणून विचारतो. तुम्ही नक्की कोणत्या गँगचे?"